मनालीच्या वाटेवरचा भाड्याचा बर्फाचा ड्रेस: काय घ्यावं, काय पुण्यातूनच न्यावं

मनालीहून बर्फात खेळायच्या सोलंग खोऱ्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेने दुकानांची रांग लागते. पाट्यांवर मोठ्या अक्षरांत दुकानांचे नुसते क्रमांक आणि आत सगळीकडे तोच माल: रंगीबेरंगी ओव्हरऑल, गमबूट, हातमोजे. हिवाळ्यात पुण्याहून गेलेलं जवळजवळ प्रत्येक कुटुंब यांतल्या एखाद्या दुकानात थांबतंच. हे परीक्षण त्या भाड्याच्या पोशाखाचं आहे. ते एकट्यादुकट्या ट्रेकरसाठी नाही. आजी-आजोबा, काका-काकू, आत्या आणि चार-पाच भाचरं अशा दहा-बारा जणांच्या गोतावळ्यासाठी आहे. निकाल आधीच सांगतो: ओव्हरऑल बिनदिक्कत भाड्याने घ्या, बूट शक्यतो घेऊ नका आणि हातमोजे अजिबात घेऊ नका.

पुण्यातून निघताना बहुतेकांचा सगळा खर्च जाड जॅकेटवर होतो आणि पायांत मात्र रोजचेच स्पोर्ट्‌स शूज असतात. हे गणित उलटं हवं. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटरवर आहे, सोलंग अडीच हजारांच्या आसपास. जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो, पण ऊन पडलं की दुपारी तो बऱ्यापैकी वर येतो. पर्यटक बर्फात असतात ते अकरा ते तीन या वेळेत, आणि नेमका तेव्हाच वरचा थर वितळत असतो. इतक्या पायांनी तुडवलेल्या त्या बर्फात पाणीच पाणी असतं. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातली उष्णता साधारण पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. म्हणून सोलंगला माणूस थंडीपेक्षा ओलीने जास्त गारठतो. ही ओल आधी पायांतून, हातांतून आणि बसायच्या जागेतून शिरते. छातीवरचं जॅकेट सगळ्यांत शेवटी भिजतं.

ओव्हरऑल म्हणजे खांद्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, पुढून चेन लावायचा पोशाख. बाहेर नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं कापड, मध्ये पातळ कृत्रिम कापूस, आत अस्तर. ऊब देणं हे त्याचं दुय्यम काम. मुख्य काम बर्फ आत येऊ न देणं. कमरेपाशी फट नसल्यामुळे पोरं कितीही लोळली तरी पाठीत बर्फ जात नाही. एक-दोन दिवसांसाठी ही वस्तू विकत घेण्यात अर्थ नाही, आणि परत आल्यावर पुण्यात ती घालायची तरी कुठे? भाडं गर्दीप्रमाणे बदलतं. साधारण अडीचशे ते पाचशे रुपयांत एका माणसाचं एका दिवसाचं काम भागतं. दहा-बारा जण एकत्र असाल तर भाव कमी करून मागायला संकोच करू नका.

दुकानदार नजरेनेच माप ओळखून ड्रेस पुढे करतो. तो तसाच अंगावर चढवू नका. आधी आत हात घालून गुडघ्यापाशी आणि बसायच्या जागी अस्तर दाबून बघा. आदल्या संध्याकाळी ओले परत आलेले ड्रेस रात्री एकावर एक टाकलेले असतात. नाताळ ते ३१ डिसेंबरच्या आठवड्यात तर ते वाळायला वेळच मिळत नाही. बाहेरून कापड कोरडं वाटतं, आतला कापूस मात्र ओला असतो, आणि तो अंगाच्या उबेवर दिवसभर वाळत राहतो. बोटांना गारवा लागला की दुसरा ड्रेस मागा.

मग चेन दोनदा वर-खाली करा. बर्फात अडकलेली चेन गारठलेल्या बोटांनी सुटत नाही. चेनवर वेल्क्रोची पट्टी असेल तर उत्तम, कारण पट्टी नसली की वारा आणि पाणी चेनच्या दातांमधून आत येतात. मनगट आणि घोट्याचं इलॅस्टिक ताणून सोडून बघा. ते सैल पडलेलं असतंच, म्हणून तुळशीबागेतून बोटभर रुंद इलॅस्टिक घेऊन त्याच्या माणशी दोन रिंगा शिवून न्या. घोट्यावर ड्रेस बुटाच्या बाहेरून ओढायचा आणि त्यावर रिंग चढवायची. या एका गोष्टीने बुटात जाणारा निम्म्याहून जास्त बर्फ थांबतो. माप तपासायची रीत साधी आहे: ड्रेस घालून उकिडवं बसा. खांद्यावर किंवा जांघेत ओढ बसली तर एक माप मोठा घ्या, नाहीतर दुपारपर्यंत शिवण उसवते. मुलांच्या बाबतीत उलट चूक होते. ‘मोठा असू दे’ म्हणून घेतलेल्या ड्रेसचं टोक टाचेखाली येतं, तिथून पाणी शोषलं जातं आणि गुडघ्यापर्यंत चढतं.

बायकांनी एक गोष्ट आधी ठरवायला हवी. साडी आणि परकर ओव्हरऑलमध्ये मावत नाहीत. कोंबले तर चालता येत नाही, आणि साडीचं खाली राहिलेलं टोक भिजतं. रोज साडीच नेसणाऱ्या आजी किंवा मावशी असतील तर उबदार लेगिंग आणि गुडघ्यापर्यंतचा कुर्ता निघण्याआधी आठवडाभर घरात घालायची सवय करून घ्या. तिथे दुकानात, सगळ्यांसमोर पहिल्यांदा हा बदल करायला सांगणं त्यांना फार अवघड जातं. ओढणी गाडीतच ठेवा. स्नो स्कूटरवर ती धोक्याची आहे. काचेच्या बांगड्या उतरवा, त्या मनगटाच्या इलॅस्टिकखाली दाबल्या जातात.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही, ते. ओव्हरऑल घातल्यावर लघवीला जायचं तर तो कमरेखाली उतरवावा लागतो, आणि सोलंगला त्या गर्दीत ते सोपं नाही. मुक्कामाच्या ठिकाणाहून निघताना सगळ्यांनी जाऊन यायचं, हा नियमच करा. वयस्कर मंडळींत कुणाला रक्तदाबासाठी पाण्याची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती किती वाजता घ्यायची, हे पुण्यातल्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून ठेवा. अशा आजोबांसाठी ओव्हरऑल नकोच. त्यांना दोन तुकड्यांचा पोशाख हवा: वर नेहमीचं जॅकेट, खाली फ्लीसची (मऊ, केसाळ कृत्रिम कापडाची) पॅन्ट आणि त्यावर दुचाकीवर घालतो ती रेनकोटची पॅन्ट. ती पुण्यात घरोघरी असते आणि इथे चोख काम देते. फक्त ती नायलॉनची, आतून लेप असलेली निवडा. जाड प्लॅस्टिकची थंडीत कडक होते आणि घडीवर चिरते. त्यात घाम कोंडतो हे खरं, पण बसून बर्फ बघणाऱ्या माणसाला त्याचा त्रास होत नाही.

बुटांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण सहलीची मजा टिकणार की नाही, हे इथेच ठरतं.

भाड्याचे गमबूट पाणी आत येऊ देत नाहीत, एवढाच त्यांचा गुण. ऊब धरणारा थर त्यांत नसतो, म्हणून जमिनीचा गारवा थेट तळपायाला लागतो. रबर किंवा प्लॅस्टिकमधून हवा खेळत नसल्यामुळे आधीच्या माणसाच्या मोज्यांची ओल आतच राहते. स्वस्त प्लॅस्टिकचा तळवा थंडीत कडक होतो आणि त्याची पकड कमी होते. त्यात तो झिजून गुळगुळीत झालेला असेल तर घसरगुंडीच. टाच आत वर-खाली होते, तासाभरात फोड येतो. लहान मुलांची मापं कमी असतात आणि गर्दीच्या दिवशी ती सकाळीच संपतात.

म्हणून बूट पुण्यातून न्या. बघायचं ते असं: घोट्याच्या वर येणारा, आत ऊब धरणारा थर असलेला, शिवणींसकट पाणी अडवणारा आणि तळव्याला चांगल्या खोल खाचा असलेला. डेकॅथलॉनमध्ये क्वेचुआच्या एसएच १०० मालिकेतले बूट या कामासाठीच बनवलेले आहेत आणि मनालीसाठी ते पुरेसे आहेत. त्याहून महागड्या, गिर्यारोहणाच्या बुटांची गरज नाही. दहा जणांना एकदम घेणं परवडत नसेल तर आधी सत्तरी ओलांडलेल्यांना आणि दहा वर्षांच्या आतल्या मुलांना घ्या. वृद्धांच्या पायांत रक्ताभिसरण आधीच मंद असतं, आणि लहान मुलं पाय गारठल्याचं रडायला लागेपर्यंत सांगत नाहीत. मधल्या वयाची मंडळी गमबुटांवर निभावू शकतात. त्यांनी कोरडा लोकरीचा मोजा, त्यावर फ्रीझरमध्ये वापरतात ती पिशवी आणि मग गमबूट, असा क्रम ठेवावा. ओल्या अस्तराचा मोज्याला स्पर्श होत नाही आणि दोन-तीन तास पाय कोरडे राहतात. पिशव्या परत आणा, तिथे टाकू नका.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. जे मोजे तिथे घालणार तेच घालून जा. बूट घालून पुढे सरका. टाचेमागे एक बोट आरामात जायला हवं. मोजा एकच घाला, जाडसर, लोकरमिश्रित. एकावर एक दोन मोजे घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण बूट घट्ट झाला की दुसरा मोजा उलटं काम करतो: पाय आवळला जातो, रक्त कमी पोचतं आणि ऊब धरणारी हवा दाबली जाऊन निघून जाते. सुती मोजा घामाने भिजला की गारच राहतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल शोषते, तरी ओली वाटत नाही. निघण्याआधी किमान पंधरा दिवस नवे बूट घालून भल्या सकाळी पर्वती चढून-उतरून या. चढताना टाच सटकते का आणि उतरताना अंगठा पुढे आपटतो का, दोन्ही कळतं. ऊन चढल्यावर जाऊ नका, पाय उकडून निघतील.

उत्तम बूटही एका ठिकाणी कमी पडतात: पारदर्शक, कडक बर्फावर. दुपारी वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं आणि सकाळी रस्त्यावर दिसतही नाही. ओल्ड मनालीचा चढ आणि १५५३ मध्ये बांधलेल्या हिडिंबा मंदिराचा परिसर इथे हे हमखास होतं, कारण देवदारांच्या दाट सावलीत ऊन पोचत नाही आणि ही जागा कित्येक दिवस निसरडी राहते. सोलंगच्या मऊ बर्फात पडलं तर हसू येतं, इथे पडलं तर मनगट किंवा खुबा मोडतो. आजी-आजोबांना या दोन जागी दहाच्या आधी नेऊ नका. बुटांवर ओढून बसवायच्या, खाली लोखंडी काटे असलेल्या रबरी जाळ्या मिळतात, त्या त्यांच्यासाठी जरूर घ्या. फरशीवर आणि गाडीत मात्र काढून ठेवा. रबरी टोकाची काठी या बर्फावर सरकते. ट्रेकिंगच्या काठीचं रबरी टोपण काढलं की आत धातूचं टोक असतं, ते रुततं. पावलं छोटी, तळवा सपाट, आणि हात खिशाबाहेर.

हातमोज्यांबद्दल थोडक्यात. दुकानात मिळतात ते विणलेले किंवा रेक्झिनचे. बर्फाचे चार गोळे केले की भिजतात, आणि भिजलेला मोजा उघड्या हातापेक्षा वाईट. बाहेरून पाणी अडवणारे, आत फ्लीस असलेले, मनगटाच्या वर चार बोटं येणारे मोजे पुण्यातून घ्या. मुलांसाठी दोन जोड हवेतच. पाच वर्षांच्या आतल्यांना चार बोटं एकत्र असलेले घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात आणि घालायलाही सोपे जातात. दोन मोज्यांना लांब नाडी बांधून ती दोन्ही बाह्यांतून ओवा, म्हणजे हरवत नाहीत.

आतल्या कपड्यांत पुरुष मंडळी हटकून एक चूक करतात: थर्मलच्या आत सुती बनियन. घाम त्यात मुरतो आणि थर्मलपर्यंत पोचतच नाही. थर्मल थेट अंगाला लागायला हवं, घट्ट बसायला हवं, आणि लेबलावर सुताचं प्रमाण जितकं कमी तितकं चांगलं. त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, त्यावर ओव्हरऑल. बस, चौथा थर नको. आजीने विणलेला खऱ्या लोकरीचा स्वेटर घरात असेल तर मधल्या थरासाठी त्याच्या तोडीचं काही विकत मिळणार नाही. हिवाळ्यात पुण्यात येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडचे स्वेटरही चांगले चालतात. जीन्स मात्र घालू नका. ती सुती, जड आणि एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही. चालताना घाम येऊ लागला तर चेन छातीपर्यंत उघडा. घाम आला हे आपल्याला उशिरा कळतं, म्हणून चढ लागला की आधीच उघडायची. डोक्याला आपली कानटोपी. तिला पर्याय शोधू नका.

डोळ्यांची काळजी फार कमी लोक घेतात. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि उंची वाढेल तसे ते किरण वाढत जातात. चष्म्यावर ‘यूव्ही ४००’ लिहिलेलं हवं. मुलांना रस्त्यावरचे नुसते काळे गॉगल देणं काही न देण्यापेक्षा वाईट आहे, कारण काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि जास्त किरण आत जातात. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा; प्रकाश खालून येत असतो. ओठांना आणि टाचांना रात्री आमसुलाचं तेल.

दुकान निवडण्याची खरी अडचण वेगळीच आहे. टॅक्सीवाले बहुधा ठरलेल्या दुकानासमोरच गाडी उभी करतात आणि ‘पुढे मिळणार नाही’ असं सांगतात. पुढेही मिळतं. आदल्या रात्रीच त्यांना स्पष्ट सांगा की दोन-तीन दुकानं बघून ठरवणार, आणि सकाळी त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा. ड्रेस घेतल्यावर फाटलेली जागा, तुटलेली चेन यांचे फोटो दुकानदाराच्या समोरच काढा. अनामत किती, ड्रेस किती वाजेपर्यंत परत करायचा आणि उशीर झाला तर काय, हे पैसे देण्याआधी बोलून घ्या. हे महत्त्वाचं आहे, कारण परतीच्या वाटेवर संध्याकाळी तासन्‌तास गाड्या अडकतात. बर्फ पडत असेल तर सोलंगच्या वाटेवरच्या नेहरू कुंडापासून पुढे पोलीस फक्त चारही चाकांना इंजिनाची गती मिळणाऱ्या (फोर बाय फोर) गाड्याच सोडतात. अशा दिवशी तुमच्या टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरून जीप करावी लागते. तिचं भाडं वेगळं, म्हणून रोख पैसे जवळ ठेवा.

अटल बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावाला जाणार असाल तर हिशोब थोडा बदलतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा काही मिनिटांत तुम्हाला लाहौल खोऱ्यात, ३,१०० मीटरच्या आसपास नेतो. तिथला बर्फ सोलंगपेक्षा कोरडा आणि वारा बोचरा असतो. तिथे पाणी अडवण्यापेक्षा ऊब धरण्याचं महत्त्व वाढतं, आणि गमबुटांचा उरलासुरला फायदाही संपतो. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांना मी सिस्सूला नेणार नाही. त्यांच्यासाठी सोलंगच बरं. जानेवारी-फेब्रुवारीत लाहौलमध्ये हालडा आणि फागळी हे सण असतात. त्या काळात काही गावं बाहेरच्यांना येऊ नका म्हणतात, तेव्हा आधी चौकशी करा आणि त्यांच्या म्हणण्याचा मान ठेवा.

मुक्कामी परतल्यावर बूट वाळवण्याचं काम त्याच रात्री करायचं. आतला सुटा तळवा बाहेर काढा, बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, झोपताना पुन्हा बदला. पुण्यातून बॅगेत चार अंक टाकून न्या. तिथे ऐनवेळी कागद मिळत नाही. बूट तंदूरला (खोली उबदार करायच्या तिथल्या लोखंडी शेगडीला) किंवा हीटरला टेकवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. आणि वाळवण्यासाठी असो वा उबेसाठी, धुराडं नसलेली कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस दगावतो. धुराडं असलेला तंदूर असला तरी झोपण्यापूर्वी विझवा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा.

पुण्यात आल्यावर बूट धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, मगच ठेवा. अशा बऱ्याच बुटांच्या तळव्यात पॉलीयुरेथेन असतं आणि दमट हवेत ते हळूहळू विघटित होतं. दोन-तीन पावसाळे कपाटात बंद राहिलेला, एकदाच घातलेला बूट पुढच्या सहलीत तळव्यासकट गळून पडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला तर आणखी लवकर. त्यामुळे घेतलेले बूट नात्यात फिरते ठेवा: यंदा आत्याने वापरले, पुढच्या वर्षी त्याच मापाच्या मामीने, मुलांचे तर दरवर्षी धाकट्या भावंडांना. कुणीच जाणार नसेल तर दोन महिन्यांतून एकदा बाहेर काढून तळवा दोन्ही हातांनी वाकवून बघा. घडीवर बारीक भेगा दिसल्या तर ते बूट बर्फात न्यायचे नाहीत.